खुर्ची कुठे ठेवायची

टेबलाचा खालचा खण तिने टिश्यूचा डबा शोधायला उघडला, आणि आत पाल बसली होती.

ती किंचाळली. शिकल्यासवरल्या मानसतज्ज्ञ बाईने जितपत किंचाळावं त्याच्यापेक्षा बरीच जास्त किंचाळली, आणि भानावर आली तेव्हा पेशंटच्या आरामखुर्चीवर उभी होती, सँडलसकट. नशीब, शेवटची पेशंट नुकतीच डोळे पुसत बाहेर पडली होती. दार ढकलून आत आला तो एक उंच, किंचित पोक काढून चालणारा माणूस. हातात निथळती छत्री. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा उघड्या खणाकडे, आणि सरळ आत हात घालून पालीला शेपटीने उचललं.

"रबराची आहे," तो म्हणाला. "माझी."

"तुमची?"

"म्हणजे... कामाची. पालीला घाबरणारे येतात ना माझ्याकडे. त्यांना आधी पालीचं चित्र दाखवतो, मग ही, मग भिंतीवरची खरी. तुम्ही पहिली पायरी गाळून एकदम दुसरीवर गेलात." मग तिच्या सँडलकडे बघत, "आणि तिथून खुर्चीवर."

ती उतरली. नाकाचा शेंडा लाल झाला होता. "म्हणजे तुम्ही संध्याकाळचे सर."

"आणि तुम्ही सकाळच्या मॅडम! वर्षभर तुमच्याशी भांडतोय, आज दर्शन झालं."

भांडण होतंच, फक्त ते कधी तोंडाने झालं नव्हतं. झालं होतं ते खुर्च्यांनी. दवाखान्याच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, त्यांच्याकडे देण्यासारखी खोली एकच होती. ती त्यांनी सकाळी हिला दिली होती आणि संध्याकाळी त्याला. ही मनोविश्लेषणवाली. पेशंटने आरामखुर्चीत रेलायचं, खिडकीबाहेर बघायचं, मनात येईल ते बोलायचं, आणि हिने त्याच्या मागे, नजरेआड बसून ऐकायचं. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचा चेहरा दिसला की तो चेहऱ्यासाठी बोलायला लागतो, असं तिचे गुरुजी सांगत. तो वर्तनोपचारवाला. त्याला पेशंट समोरासमोर हवा, मधे टेबल हवं, आणि भिंतीवर पांढरा फळा. भीतीची शिडी करायची आणि खालच्या पायरीपासून एकेक चढवायचा, अशी त्याची रीत. त्यामुळे रोज सकाळी ती आरामखुर्ची खिडकीकडे ओढायची आणि रोज संध्याकाळी तो ती टेबलाकडे वळवायचा. मध्यंतरी त्याने फरशीवर चिकटपट्टीची फुली मारून आपल्या खुर्चीची जागाच ठरवून टाकली होती. तिने ती नखाने खरवडून काढली होती.

"टिश्यू मात्र तुम्ही संपवता," तो म्हणाला. "माझ्याकडे कुणी रडत नाही."

"नाहीच रडणार. तुम्ही रडायला वेळच देत नाही त्यांना, शिडीवर चढवता."

"आणि तुमचा पेशंट स्वतःच्या बालपणापर्यंत पोचेस्तोवर म्हातारा होतो."

तिला हसू आलं. आलं, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. कारण बरेच दिवस झाले होते, हसताना तिचे गाल दुखल्याचं तिला आठवत नव्हतं.

ती थकली होती. झोपून जाईल असा थकवा नव्हता तो. दिवसभर माणसं तिच्या कानात आपापली दुःखं ओतून मोकळी व्हायची आणि ती भरून घरी जायची. घरी कुणी नव्हतं. आई दुसऱ्या शहरात दादाकडे राहायची आणि फोन करायची. आई गुडघ्याचं सांगायला लागली की ही म्हणायची, "हं... म्हणजे तुला असं वाटतंय, की कुणी लक्ष देत नाही?" आई उखडायची. "अगं, गुडघा दुखतोय म्हटलं मी! मी काय तुझी पेशंट आहे?" मैत्रिणींनीही असंच काहीबाही म्हणून हळूहळू फोन कमी केले होते. आणि गेल्याच आठवड्यात एक बाई आपल्या मेलेल्या बहिणीबद्दल बोलत असताना तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून पडद्याची उसवलेली शिवण बघतोय. एक शब्द कानात शिरलेला नाही. पेशंटला ते कळलंसुद्धा नाही, कारण ही मागे बसलेली. ऐकू न येणारी मानसतज्ज्ञ कुणाच्या काय कामाची?

त्याच रात्री तिने दादाला हो-नाही करत हो म्हटलं होतं. दादाने तिच्यासाठी त्याच्या शहरात एका कंपनीत नोकरी बघून ठेवली होती. तिथे कुणी रडणार नव्हतं. कर्मचाऱ्यांच्या चाचण्या तपासायच्या आणि तक्ते करायचे. महिनाअखेरीला नक्की कळवायचं होतं. इथे तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

पालीच्या त्या दुपारनंतर मात्र गंमत सुरू झाली. त्याला काही ना काही कारणाने लवकर यावंसं वाटू लागलं, आणि तिची पर्स आवरायला उगीचच वेळ लागू लागला. सकाळ संपलेली आणि संध्याकाळ उगवायची असलेली ती मधली दुपार दोघांची झाली. तो थर्मासमध्ये चहा आणायचा. खिडकीवर भुरभुर पाऊस असायचा, नसला तर समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. तो बोलायचा. एका पेशंटला लिफ्टची भीती होती, तर हा आख्खी संध्याकाळ त्याच्याबरोबर लिफ्टने वरखाली करून आला होता. "आता मलाच चक्कर येतेय हो," तो म्हणाला आणि डोळे चोळले. त्याच्याही डोळ्यांखाली काळं होतं, हे तिला तेव्हा दिसलं.

"सुटली त्याची भीती?"

"एकटा गेला वर. टाळी दिली मला."

"पण वर कुणाला भेटायला जायचं होतं त्याला?" तिने विचारलं. "कुणाला भेटायचं म्हणून लिफ्ट नको वाटत होती?"

तो कप हातात धरून थांबला. "...हे नाही विचारलं मी."

"मग लिफ्टचं काय घेऊन बसलात!"

"उद्या विचारतो," तो मुकाट्याने म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी खरंच विचारून आला. वर वडिलांचं ऑफिस होतं. तिला हा माणूस आवडायला लागला तो बहुतेक या मुकाट्याने म्हणण्यावरून.

एक दिवस त्याने कप खाली ठेवला आणि बोट रोखलं. "एक लक्षात आलंय का तुमच्या? तुम्हाला माझी बहीण, माझा घरमालक, माझी ॲसिडिटी, सगळं ठाऊक आहे. मला तुमचं काय माहितीये? तुम्ही पालीला घाबरता. बस."

"मग... तुम्हाला ते खटकतं का?"

"हे बघा, परत प्रश्न!" तो हसला. "गृहपाठ देतो. रोज एक वाक्य, स्वतःबद्दल. त्याच्या शेवटी प्रश्न नको. शिडीची पहिली पायरी, सोपी आहे."

"आणि तुम्हाला काय गृहपाठ? तुम्हाला तर दोन क्षण गप्प बसवत नाही. आत्ताच पाय हलतोय तुमचा."

त्याने पाय आवरला. खरं होतं ते. शांतता झाली की याला काहीतरी केलंच पाहिजे असं वाटायचं. पेन फिरव, फळा पूस, नाहीतर बोल. "बरं. चहा संपेपर्यंत तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. झालं?"

पहिल्या दिवशी तिचं वाक्य होतं, "मला भूक लागलीये." त्याने टाळ्या वाजवल्या आणि बिस्किटांचा पुडा पुढे केला. दुसऱ्या दिवशी, "मला निळा रंग आवडत नाही." त्याच्या अंगात निळा शर्ट होता. तो शर्ट परत कधी दिसला नाही. मग एकदा कपाच्या कडेवरून बोट फिरवत, बराच वेळ घेऊन... "मला लहानपणी घरात सगळे शहाणी म्हणायचे, कारण मी काही मागायची नाही." तो यावर काही बोलला नाही. त्याची चहाची गुळणी चालू होती ना! फक्त त्याची नजर तिच्यावरून हलली नाही, आणि पाय एकदाही हलला नाही. तिला वाटलं, कुणीतरी आपल्या खांद्यावरची पिशवी क्षणभर हातात घेतली.

एक वाक्य मात्र ती रोज गिळत होती. मी इथून जाणार आहे.

आणि महिना सरत आला असताना एका दुपारी त्याने थर्मास उघडलाच नाही. बाहेर पाऊस लागला होता. तो आपल्या खुर्चीत बसला, उठला, फळा पुसला. फळ्यावर काहीच नव्हतं.

"आज मी एक वाक्य म्हणू?" तो म्हणाला. "म्हणजे... तुमचा गृहपाठ आहे, पण आज मी." त्याच्या हातात डस्टर होतं आणि बोटांना शाई लागली होती. "मला तुम्ही आवडता. घरी गेलो तरी ही दुपार संपत नाही. मला... मला ही दुपार कायमची हवी आहे."

तिच्या आत एकदम इतकं काही दाटून आलं की त्यातलं काय आधी बाहेर काढावं हे तिला समजेना. आनंद होता, आणि ती नोकरी होती, आणि भीती होती. आणि अशा वेळी जे हाताशी असतं तेच हातात येतं. वर्षानुवर्षं कुणीही काहीही जवळ घेऊन आलं की जे तिच्या तोंडून निघायचं, तेच निघालं. मान किंचित कलती करून, मऊ आवाजात.

"म्हणजे... तुम्हाला असं वाटतंय, की या दुपारींमध्ये तुम्हाला काहीतरी सापडलंय," ती म्हणाली. "आणि हे... कधीपासून जाणवतंय?"

म्हटलं आणि तिलाच ऐकू आलं. पण तोवर उशीर झाला होता.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू आधी गोंधळलं आणि मग विझलं. त्याने डस्टर जागेवर ठेवलं, अगदी सरळ रेषेत. "छान विचारता तुम्ही," तो म्हणाला. "पेशंटना बरं वाटत असेल." मग घड्याळाकडे बघून, "माझी वेळ संपली वाटतं."

"अहो, तसं नाही... थांबा ना!"

पण तो थर्मास घेऊन गेला. ती "नाही, मलाही" हे दोन शब्द तोंडात घेऊन उभी राहिली. मागे बसून ऐकायची सवय झालेल्या माणसाला पुढे येऊन बोलता येत नाही, हे पुस्तकात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोलीत आली आणि दारातच थबकली. आरामखुर्ची खिडकीकडे होती. तिची खुर्ची मागे, थोडी डावीकडे, तिला हवी तिथे. टेबल भिंतीला लावलेलं. टिश्यूचा नवा डबा. रात्री जाताना त्याने सगळं तिच्या पद्धतीने लावून ठेवलं होतं, परक्या माणसाची सोय करावी तसं. तिसऱ्या दिवशीही तेच. तो आता वेळेवर यायचा आणि ती निघाल्यावरच यायचा. खण उघडला तर पालही नव्हती. त्या रिकाम्या खणाकडे बघून तिला रडू फुटलं आणि तो नवा डबा तिनेच फोडला.

शनिवारी खोली मोठ्या मॅडमची असायची. त्या कुटुंबोपचारवाल्या. आख्खं घरदार गोलात बसवायच्या आणि कोण कुणाशेजारी बसतं, कोण दाराजवळ बसतं, यावरूनच निम्मं ओळखायच्या. आपण खोली सोडत असल्याचं सांगायला ती शनिवारी सकाळी मुद्दाम आली, तर मॅडम खुर्च्या मांडत होत्या.

"धर ही," म्हणून त्यांनी तिच्या हातात एक खुर्ची दिली. "आणि भांडण कशावरून झालं ते सांग."

"कुणाचं?"

"माझी फरशी वर्षभर खरवडलीत तुम्ही दोघांनी. रोज नवा ओरखडा. मी कधी बोलले? या आठवड्यात एक ओरखडा नाही. घरातली आदळआपट बंद झाली की मला धास्ती वाटते, बाई. नवरा-बायको एकमेकांना 'तुमचं चालू द्या' म्हणायला लागले की समजायचं, सामान बांधायला काढलंय."

तिने मग सगळं सांगितलं. खुर्ची हातात धरूनच सांगितलं. मॅडम ऐकत होत्या आणि 'कधीपासून जाणवतंय'पाशी आल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. मग हसू लागल्या, इतक्या की त्यांना बसावं लागलं.

"अगं वेडे, पोरगा प्रेमाचं बोलतोय आणि तू त्याचं निदान करतेस?"

"मला दुसरं काही येतच नाही हो!" ती म्हणाली. "मी फार थकलेय, मॅडम. मला आता कुणाचंच ऐकायला नको वाटतं. आणि बोलायला गेले तर... माझंच तोंड मला परकं वाटतं. म्हणून चाललेय. दादाकडे. तिथे नुसते तक्ते आहेत."

मॅडमचं हसू थांबलं. त्यांनी तिच्या हातातली खुर्ची काढून घेतली आणि तिला तिच्यावर बसवलं. "थकलीस तर थांब. विश्रांती घे. मी काय खोली विकतेय का? पण तक्त्यांपाशी विश्रांती मिळते असं तुला कुणी सांगितलं? आणि हे मला काय सांगतेस, मी काय करू याचं? ज्याला सांगायचं त्याला सांग. तेही त्याला काय वाटतंय ते विचारायला जाऊ नकोस. ते त्याने सांगून झालंय."

सोमवारी तिचे पेशंट आटोपले तरी ती निघाली नाही. बाहेरच्या बाकावर, पेशंट बसतात तिथे, जाऊन बसली. पाऊस भुरभुरत होता. काउंटरवरची ताई तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होती. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली होती. नेमक्या याच बाकावर लोक कसे बसत असतील, हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

तो आला. छत्री मिटताना तिला बघितलं आणि तसाच उभा राहिला.

"मला तुमची वेळ हवी होती," ती म्हणाली.

"मी तुम्हाला पेशंट म्हणून घेऊ शकत नाही." तो ताईकडे बघून आवाज खाली आणत म्हणाला, "का ते तुम्हाला माहितीये. सांगून झालंय."

"त्याचंच उत्तर द्यायला आलेय."

तो आत गेला. ती मागोमाग. खोली तिच्या पद्धतीने मांडलेली होती. तिने आपल्या नेहमीच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि तिकडे न जाता आरामखुर्चीच्या कडेवर बसली. तो फळ्यापाशी उभा राहिला. त्याने पेन उचललं, मग ठेवून दिलं.

"वाक्यं थोडी साठलीत," ती म्हणाली. "गृहपाठाची. एकदम देते. मधे बोलू नका, नाहीतर मी परत प्रश्न विचारेन."

त्याने मान हलवली.

"मी इथून जाणार होते. दादाने नोकरी बघितली होती. तुम्हाला रोज सांगायचं ठरवायची आणि रोज बिस्किट खायची." ती थांबली. खिडकीबाहेर बघायचा मोह झाला, पण तिने नजर त्याच्यावरच ठेवली. "काल दादाला नाही म्हणून कळवलं. आई रागावलीये. मोठ्या मॅडमना सांगितलंय, महिनाभर मी कुणाचं काही ऐकणार नाही. मी... खूप थकलेय. तुम्ही भेटलात म्हणून थकवा गेला असं काही झालेलं नाही, तसं म्हटलं तर खोटं होईल. पण थकलेली असतानासुद्धा मला दुपार व्हावीशी वाटते." ती खुर्चीच्या कडेवर जराशी पुढे सरकली. "मला तुम्ही आवडता. खूप आवडता. त्या दिवशी हेच म्हणायचं होतं, आणि तोंडातून... माझं दुकान निघालं."

तो हसला. आणि हसता हसता त्याचे डोळे भरले, तसा तो खण उघडून टिश्यू शोधायला लागला. तिथे डबा नव्हता. तिने तो पर्समधून काढून त्याच्यापुढे धरला.

"माझ्याकडे कुणी रडत नाही म्हणत होतात."

"तुम्हीच 'मधे बोलू नका' म्हणाल्या होतात," तो नाक पुसत म्हणाला. मग जवळ आला, आणि जरासा अडखळत... "झोप थोडी. आज माझा पहिला पेशंट उशिरा आहे. मी काही बोलत नाही. खरंच. अजिबात नाही."

'तुम्ही'ची 'तू' झाली, हे दोघांनाही कळलं आणि दोघांनीही कळल्याचं दाखवलं नाही. ती आरामखुर्चीत मागे रेलली. इतकी वर्षं तिने या खुर्चीत माणसं अंग टाकून रेललेली बघितली होती, पण ती इतकी मऊ आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या मागे फरशीवर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिच्याच जागी, थोडं डावीकडे, तो बसायला निघाला होता.

"तिथे नको," ती डोळे मिटूनच म्हणाली. "मला दिसशील असा बस."

खुर्ची करकरत, फरशीवर नवा ओरखडा काढत पुढे आली. तिने डोळे उघडून बघितलं. तो समोर होता, हात मांडीवर, पाय स्थिर, ओठ घट्ट मिटलेले. तिने हात पुढे केला, त्याने तो धरला, आणि पुढचा बराच वेळ त्या खोलीत कुणीच काही बोललं नाही.